छातीवरचं बकल

दुकानदार: ...आणि ही बॅग बघा वहिनी, हिच्या पोटात चार डबे राहतात. बाजूला गळाच्या काठीसाठी पट्टा, खाली ओल्या फडक्याला वेगळा कप्पा. एवढे कप्पे तर आमच्या घरच्या कपाटालासुद्धा नाहीत.

शालिनी: ती राहू द्या. अंगातून काढायला किती वेळ लागतो, ते सांगा.

दुकानदार: काढायला? लोक विचारतात, मावतं किती. काढायची काय, घरी जाऊन चहा घेत सावकाश काढायची!

शालिनी: देवेश, घाल ती. आता काढ. नाय, तशी नाय. घायत काढ.

देवेश: वयनी, किती बॅगी घातलंय आणि काढलंय! पात्रावाक वाटतला, ह्यांका बॅग नको, सर्कस व्हयी. माका ती पयली करडी आवडली. बांधूक सांग आणि चल, पार्सेची बस चुकतली.

दुकानदार: पात्राव कसला रे, गल्ल्यावर बसतो म्हणून काय मालक होतो? पण खरं बोललास, करडी टिकाऊ आहे. पार्सेचे तुम्ही? मग मानशीवरच, खाडीच्या बांधाच्या दारापाशी, गळ टाकून बसत असणार गरवायला. पार्सेचं एक गिऱ्हाईक आहे माझं, गुरुदास म्हणून. एक गळ घ्यायला येतो आणि तासभर बोलतो. सगळ्या काठ्या वाकवून बघतो, जागेवर ठेवतो, वर मलाच सांगतो की तुला मासे कळत नाहीत. बऱ्याच दिवसांत फिरकला नाही. ओळखता?

शालिनी: माझे मिस्टर ते. हा त्यांचा धाकटा भाऊ.

दुकानदार: अरे! मग दारातच नाही का सांगायचं? मघापासून मी उगाच परक्यासारखं बोलतोय. कसा आहे तो?

देवेश: दादा गेलो. गणपतीच्या आदी. मानशीवरच.

दुकानदार: गेला? म्हणजे...

देवेश: बुडालो.

दुकानदार: देवा रे. मला कोणी बोललंच नाही.

शालिनी: तुम्हाला कोण सांगणार? त्यांची बॅग निळी होती. छातीवर आडवी पट्टी, पट्टीला काळं बकल. तुमच्याच दुकानातून आणलेली. तसली अजून मिळते?

देवेश: वयनी, ती नको. माका बॅग घेवक इलंव ना आपण? तू म्हटलंस, बॅग बरी मेळली तर तुका गरवूक सोडतलंय. दादाच्या काठये किती दिवस भितीक लावन ठेवच्यो? मी तेच्यासाठी इलंय.

शालिनी: तुका घेवया. आदी ती बगूया. काढता ना जरा?

दुकानदार: माळ्यावर एक उरलीय. थांबा... ही घ्या. धूळ बसलीय थोडी. वहिनी, ही पट्टी... ही लावून घ्यायला मीच सांगितलं होतं त्याला. सगळ्यांनाच सांगतो. अरुंद बांधावरून चालताना पाठीवरची बॅग हलते, माणसाचा तोल जातो, म्हणून छातीवर बकल लावून घ्या.

शालिनी: ठाऊक आहे. घरी आले आणि आरशासमोर उभं राहून मला दाखवलं. पोलीस शिपाई दिसता म्हटलं मी, तर सलाम ठोकला. त्या दिवशी पाण्यातून काढलं, तेव्हाही ते बकल बंद होतं. बोटं सुटेनात, म्हणून पट्टी कोयत्याने कापावी लागली.

दुकानदार: पण त्याला पोहता येत होतं. मला सांगायचा, खाडीत वाढलो म्हणून.

देवेश: सुकती लागली होती. भरतीचा पाणी शेतात येता, आणि सुकतीक सगळा त्या मानशीच्या एका दारातसून भायर पडता. थय पडल्यार पवणारो आणि न पवणारो एकच. दादाचो पाय शेवाळार गेलो. दाराच्या खांबाक येवन अडकलो तो. तोंड वर होता. पाठीमागे पाणी ओढी होता.

शालिनी: तिथे आमचा शेजारी होता, विठ्ठल. त्याने बांबू पुढे केला. ओरडला, बॅग सोड, बांबू धर. यांनी धरला नाही. विठ्ठल म्हणतो, दोन्ही हातांनी बॅगेची पट्टी छातीशी घट्ट धरली होती. बांबूकडे बघितलंसुद्धा नाही. मग खांब सुटला.

दुकानदार: बॅगेत काय होतं एवढं?

देवेश: काठयेचा नवा रीळ. हौसेन घेतलेला.

शालिनी: म्हणून गाव म्हणतो, गुरुदास रिळाच्या लोभाने गेला. चहाच्या गाड्यावर म्हणतात, तवेर्नात पेला हातात घेऊन म्हणतात. सासू म्हणाली. आणि मी पण म्हटलं.

देवेश: तू खय म्हटलंस वयनी? मी कदी आयकाक नाय.

शालिनी: मनात म्हटलं रे. मनातलं कोणाला ऐकू येतं? एका बाजूला रीळ, एका बाजूला मी आणि लेक सेजल. आणि ह्या माणसाने रीळ निवडलं! इतका संताप आला की डोळ्याला पाणी आलं नाही. लोक म्हणतात, शालिनीने धीर धरला. धीर कसला डोंबलाचा! रोज सकाळी फोटोला फूल वाहते आणि दात-ओठ खाते.

दुकानदार: वहिनी, पाणी आणू का?

शालिनी: पाणी लागणारच आहे. आधी ऐका. परवा सेजल शाळेतून भिजून आली. दप्तराचा पट्टा तिच्या अंगातून निघेना. पोरगी दोन्ही हातांनी ओढतेय, रडतेय, आणि मी बघत उभी. तेव्हा डोक्यात आलं, यांचे हात छातीशी होते ते बॅग धरायला की सोडवायला? विठ्ठलला लांबून काय कळणार? मला फक्त एवढंच बघायचं आहे. तुमच्याकडे मागे नळ आहे ना?

दुकानदार: आहे. पण नवी बॅग भिजवायची म्हणजे...

शालिनी: भिजली की माझी.

दुकानदार: तसं नव्हतं म्हणायचं मला. चला, या मागच्या दाराने. बालदी भरून घेतो.

देवेश: वयनी, माका ह्या करूचा नाय. दादाची तसली बॅग अंगात घालूक... पाया पडतंय तुज्या. आणि खोटा ठरला तर? मगे काय करतलंस?

शालिनी: मगे आजपासून राग तरी खरो म्हणान धरूक गावतलो. मी घातली असती रे, पण माज्या अंगाक ती बसणा नाय. तू त्येंच्याच अंगापिंडाचो.

देवेश: दी हय.

दुकानदार: आत किती वजन घालू? शिशाचे गोळे आहेत.

देवेश: ओंजळभर घाला. रिळाच्या बदल्यात तो डबो घाला, आणि पाण्याची बाटली. आता बालदयेत बुडवा. बुडबुडे जावदेत सगळे. हां. बापरे, शेळ किती, थंडगार!

शालिनी: हात साबणान चोळ. सुंगटां, कोळंबी गळाक लावन लावन त्येंचे हात बुळबुळीत असायचे. माका तसोच हात लावीत, आणि मी ओरडत असंय.

दुकानदार: मी मागून ओढतो. लावलंस बकल? ओढतोय बघ. उघड.

देवेश: उघडला.

दुकानदार: बघा वहिनी! एका बोटात! ओली आहे, हाताला साबण आहे, तरी खट्‌कन उघडलं. माल तसा चांगला... म्हणजे, मला म्हणायचं होतं...

शालिनी: उघडलं.

दुकानदार: वहिनी, ह्या पायरीवर बसा. बसा आधी.

शालिनी: उघडतं तर. म्हणजे त्यांना उघडायचंच नव्हतं. विठ्ठल बरोबर, सासू बरोबर, सगळा गाव बरोबर. मीच मूर्ख, पोरीच्या दप्तरावरून...

देवेश: पात्राव, तुमी ओढलासच नाय.

दुकानदार: ओढलं की रे.

देवेश: पोराक हाताक धरून बाजारात नेतत, तशे ओढलास. सुकतीचो ओढो तुमका ठावक नाय. सगळ्या शेतांचा पाणी असता ता. परत लावतंय मी. ह्यो नळाचो खांब मी पोटाशी घेतंय. तुमी बॅग धरा, आणि सगळा आंग मागे टाका. माका पाडूक बगतास तसा.

दुकानदार: तुला लागेल रे. मी बारीक माणूस नाही.

देवेश: लागांदे.

शालिनी: नको, देवेश. झाला बगून. चल घराक.

देवेश: मघा तू आयकलंस माजा? आता मी नाय आयकणा. ओढा!

दुकानदार: ओढतोय.

देवेश: आजून!

दुकानदार: अरे, आणखी म्हणजे...

देवेश: आजून ओढा! हां... थांब... बोट बसणा नाय...

शालिनी: देवेश!

देवेश: दोनय बाजूंनी ताणला हा... दाबणा नाय... पट्टी गळ्याक येता...

शालिनी: देवेश, ही काठी धर! बग हय!

देवेश: निसटता... थांब... येणा नाय...

शालिनी: काठी धर म्हणतंय! देवेश! तुज्या तोंडासमोर असा, धर!

देवेश: येणा नाय... येणा नाय...

शालिनी: सोडा! सोडा त्येका, पात्राव, सोडा!

(नळ चालूच राहतो, बालदी भरून पाणी फरशीवरून वाहतं.)

दुकानदार: लागलं का रे? मी थांबायला पाहिजे होतं.

देवेश: नाय, काय नाय. गळ्याक जरा खरचाटला. वयनी, रडतंस कित्याक? बरो असंय मी. बग, उबो असंय.

शालिनी: तू काठी कित्याक नाय धरलंस?

देवेश: खयची काठी?

शालिनी: ही. दुकानातली. तुज्या नाकासमोर धरलंय मी. हाको मारलंय.

देवेश: माका दिसली नाय.

शालिनी: दोनय हात छातीशी घट्ट होते तुजे.

देवेश: बकल उघडूक बगी होतंय. दुसरा काय सुचाकच नाय. ह्या एकदा सुटला की झाला, इतक्याच डोक्यात होता. तुजो आवाजसुद्दा माका आयकाक येवक नाय, वयनी. आईची आण.

शालिनी: ऐकलंत ना तुम्ही? यायचं होतं त्यांना. घरी यायचं होतं. रीळ गेलं चुलीत, त्यांना ती बॅग टाकून यायचं होतं. आणि मी इतके दिवस त्यांच्याशी भांडतेय. फोटोतला माणूस उलटून बोलत नाही म्हणून वाटेल ते बोलतेय.

दुकानदार: रडा वहिनी. रडून घ्या.

देवेश: पण तो खांबाक किती वेळ होतो तसो... वयनी, रिळाचा खरा असता तर बरा होता गो. निदान मनासारख्या करून गेलो असतो. मी इतकोसो वेळ होतंय, आणि मागे पात्राव होते. तरी माजो जीव गळ्याकडे इलो.

शालिनी: माका कळता ता. आजपासून रातीक डोळे मिटलंय की तेच दिसतला. दिसांदे. ह्या मी सोसतंय. त्येंनी रीळ निवडल्यानी, ता माज्यान सोसवणा नव्हता.

दुकानदार: बकल लावायला मी सांगितलं त्याला.

शालिनी: हो, सांगितलंत. चांगल्यासाठीच सांगितलंत. पण तुमचं काही चुकलं नाही, असं आज माझ्या तोंडून येणार नाही. रागावू नका.

दुकानदार: नाही. तुम्ही म्हटलं असतं तरी मला पटलं नसतं. यापुढे मी... असो. देवेश, तुला बॅग हवी ना? ही साधी आहे, एका खांद्यावर अडकवायची. छातीवर काही नाही. खांदा खाली केला की आपोआप पडते.

देवेश: माका नको. माका गरवूकच जावचा नाय.

शालिनी: आज नको म्हणतलंस. तामसो मासे गळाक लागाक लागले म्हणान आयकलंस की परत माज्या मागे लागतलंस. भावाचोच भाव तू. घेऊन ठेव. पडली पाण्यात तर पडांदे, तिच्या मागे जाव नको. आणि ही ओली निळी पण पिशवीत घालून द्या.

देवेश: ती कित्याक? ती हयच टाकून जावया.

शालिनी: विठ्ठलाक दाखवूक व्हयी. उतरलंव की आदी त्येच्याकडे जावया, मगे घराक.

देवेश: विठ्ठलाकडे? तवेर्नात बसान दादाक नावां ठेवणारो तो! आणि त्येच्या दारात तू जातलंस?

शालिनी: नावां ठेवता, कारण गप ऱ्हवलो तर त्येका तोच बांबू दिसता. त्येची बायल सांगी होती माका. झोपणा नाय तो. मदीच उठता आणि म्हणता, मी दिलंय तर त्येनी घेतल्यान नाय.

देवेश: मगे काय सांगतलंस त्येका?

शालिनी: सांगतलंय, विठ्ठल, तुजो बांबू त्येंका दिसलोच नाय.