जावईबापूंच्या सायकलला कॅरिअर

(आखाजी, म्हणजे लेकींनी माहेरी यायचा अक्षय्यतृतीयेचा सण, होऊन पंधरवडा उलटलेला. साल अठ्ठ्याण्णव. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावचा फाटा, लोटन मिस्त्रीचं सायकलचं दुकान. मस्कतहून आलेली सायकल उलटी करून ठेवलेली. शेजारी गावचे जावई मगनराव. बाकावर पिशवी घेऊन त्यांची बायको पुष्पा.)

मगन : मग बसत नाही म्हणून सरळ सांगून टाका ना मिस्त्री. मी सासूबाईंना तसं कळवतो, विषय संपला.

लोटन : घाई काय शे जावईबापू? बघू तर द्या. ही चाकाला परात कशाची लावली?

मगन : परात नाही हो. डिस्क. डिस्क ब्रेक म्हणतात याला. तिकडे मस्कतला गोरे साहेब वापरतात. तुमच्या इथले रबरी ठोकळे नाहीत हे.

लोटन : हां. म्हणजे चाकाला ताट, आणि ताट धरायला हा जबडा. आणि कॅरिअरचा डावा पाय जिथं उतरायचा, नेमका तिथंच जबडा आडवा बसलाय.

मगन : तेच तर मी पंधरा दिवस सांगतोय! या गाडीला कॅरिअर बसतच नाही. कॅरिअर नाही तर बायकोला बसवू कुठं? खांद्यावर?

पुष्पा : सासरचं नरडाणा दोन कोस शे. पायी आले असते मी. एसटीसुद्धा जाते.

मगन : कारखान्यातल्या सुपरवायझरची बायको आखाजीहून पिशवी डोक्यावर घेऊन येणार? लोक काय म्हणतील?

पुष्पा : लोक आताही म्हणतातच. बठ्ठ्या पोरी सासरी गेल्या, आखाजीचा झोका सोडून ठेवला, तू अजून इथंच कशी? नळावर रोज कोणीतरी विचारते. आई तर आता संध्याकाळी ओट्यावर बसतच नाही.

मगन : मी कुठं न्यायला नाही म्हणतोय? तुझ्या भावाला कळव मस्कतला. सायकल पाठवली तशी फटफटी पाठव म्हणावं. तिला मागं सीट असतेच. प्रश्न मिटला.

लोटन : अस्सं. म्हणजे पुष्पा कॅरिअरसाठी अडली नाही, फटफटीसाठी अडली.

मगन : अडचण तांत्रिक आहे मिस्त्री. तुम्हाला नाही कळायची.

लोटन : नाहीच कळत. म्हणून विचारतो. ही परात अशी बुळबुळीत कशानं झाली?

मगन : रोज सकाळी पुसतो मी. खोबरेल लावून. फॉरेनचा माल, गंज चढायला नको.

लोटन : ब्रेकच्या ताटाला खोबरेल?

मगन : मग? कशी चकाकते बघा. आमच्या गल्लीत पोरं थांबून बघतात.

लोटन : आणि होळीच्या वेळी नाल्याच्या उतारावर बाभळीत गेलात, ते बघायला कोण थांबलं होतं?

मगन : ते हिच्या वजनामुळे! पुढच्या दांडीवर बसवली होती.

पुष्पा : यांनी ब्रेक दाबला, सायकल ऐकेना. मी उडी मारली. काट्यांत हे एकटेच गेले, आबा. आणि घरी जाऊन आईंना सांगितलं, सून जड शे म्हणून.

लोटन : बापू, डोक्याचं तेल चाकाला लावलंत. वेणी घालायची होती का ब्रेकची?

मगन : तोंड सांभाळून बोला मिस्त्री. जावई आहे मी या गावचा.

लोटन : म्हणून तर हसत बोलतो. ती परात धुवा आता साबणाच्या पाण्यानं. बादली तिथं शे. जबड्यातल्या गाद्या मी काचकागदावर घासतो. आणि हे बघा, मागं भोक दिलेलं शे. त्यात लांब बोल्ट घालू, मधे लोखंडी नळीचा तुकडा. डावा पाय जबड्याला वळसा घालून बाहेरून उतरेल.

मगन : रंग खरचटेल.

लोटन : खाली ट्यूबची पट्टी देतो.

मगन : दिसायला गचाळ दिसेल. लोक दूधवाला म्हणतील मला.

लोटन : दूधवाला पहाटे उठतो बापू. तुम्हाला नाही म्हणणार कोणी.

मगन : आणि वजन? नळीच्या तुकड्यावर बाई तोलणार?

लोटन : तुमची परात धुऊन झाली, माझं कॅरिअर जोडून झालं. आता मी बसून दाखवतो. पुष्पाच्या दीडपट असेन. ढकला मला रस्त्यापर्यंत. दोन्ही हातांनी. हं... आता ब्रेक दाबा. दाबा की!

मगन : थांबली.

लोटन : थांबणारच. तिचं कामच ते. जबड्याला कुठं घासलं का? ऐका कान लावून.

मगन : नाही घासलं.

लोटन : तोंड का पडलं मग? चांगली बातमी शे.

मगन : ...हात बरबटले माझे. पलीकडच्या हॉटेलात धुऊन येतो.

लोटन : जा, जा. चहाही घ्या... गेला. पुष्पा, इकडे बघ. बोल्ट अजून पक्का आवळला नाही मी. तुला जायचं नसेल तर एक शब्द बोल. ढिलं पडतं, नाहीच बसत म्हणून सांगतो. माझी अब्रू गेली तर जाऊ दे.

पुष्पा : नको आबा.

लोटन : असल्या माणसाबरोबर?

पुष्पा : नाही बसलं, तर उद्याच यांचं पत्र मस्कतला जाईल. अभिमनदादा तिथं साहेबांच्या गाड्या धुतो. ही सायकलसुद्धा एक साहेब त्याच्या देशी परत जाताना टाकून गेला, दादानं उचलली. यांना वाटतं दुकानातून घेतली. फटफटीचं नुसतं नाव निघालं तर पैसे जोडत तो दोन वर्षं घरी यायचा नाही. आवळा तुम्ही. चांगला आवळा.

लोटन : दादाचं खरं सांगू का त्याला? साहेबाची टाकलेली सायकल चकाकवतो म्हणून?

पुष्पा : कशाला? तेवढाच तर त्यांचा रुबाब शे.

मगन : झालं का? किती द्यायचे?

लोटन : गावच्या जावयाकडून घ्यायची रीत नाही. असती तर दुप्पट घेतले असते. आणि बापू, परातीला पुन्हा तेल लावलं तर बाभूळ तिथंच उभी शे.

मगन : कळलं हो. चल गं, बस. आणि मला घट्ट धर. पुढं उतार आहे.

पुष्पा : कॅरिअर पक्कं शे. त्यालाच धरते.