नेल जेवायला बाहेर गेली

नेल : ही भेंडी आहे? चार तुकडे आणि वर फेस. आपली ममा असती तर म्हणाली असती, पोरी, भांड्याला साबण राहिलाय.

कोरीन : हळू बोल, नेल. तो येतोय.

वेटर : सगळं ठीक आहे ना, मॅम?

नेल : छान आहे, बाळा. तुमच्याकडची भेंडी फार सभ्य आहे.

वेटर : यानंतर कोळंबी आणि मक्याच्या कण्या आणतो. सावकाश होऊ द्या.

नेल : कण्या. रोज न्याहारीला रांधते मी, आणि त्याच खायला आज नटूनथटून बेटावरून चार्ल्सटन शहरात आले. पण बरं वाटतंय हं, कोरी. ममाला दफनभूमीत पोचवून आल्यावर हा ड्रेस कपाटात टांगला तो आज काढला. म्हटलं, धाकट्या बहिणीने निरोपाचं जेवण ठेवलंय, नीट दिसलं पाहिजे.

कोरीन : निरोपाचं?

नेल : मग काय? तुझ्या लेकीची, ब्रिएलची शाळा संपली. ठरल्याप्रमाणे आता तू घरी येणार, डॅडींपाशी, आणि मी निघणार. ऐक, तुला सांगायचं राहिलंय. सव्हाना शहरात एक खोली घेतलीय मी. लहानशीच. नर्सिंगच्या वर्गात घेतलं मला. वर्गात सगळ्यांत म्हातारी मीच असणार, तिथल्या बाई फोनवर हसून म्हणाल्या.

कोरीन : नर्सिंग? कधी बोलली नाहीस.

नेल : पक्कं झाल्याशिवाय कशाला बोलू? ऑगस्टात सुरू होतंय. जुलैभर आहे मी तुझ्याबरोबर. डॅडींना उचलायचं कसं ते दाखवीन. त्यांची लुळी बाजू आपल्या अंगावर घ्यायची, मग सोपं जातं.

कोरीन : नेल.

नेल : जेव ना. अशी काय बघतेस?

कोरीन : मला डेन्व्हरला बदली मिळालीय. मोठ्या हुद्द्यावर. मी हो म्हटलं.

नेल : कधी?

कोरीन : मार्चमध्ये.

नेल : आता जून चाललाय.

कोरीन : फोनवर सांगवेना मला.

नेल : म्हणून इथे आणलंस. मेणबत्त्या, पांढरे रुमाल, पलीकडच्या टेबलावर कुणाचा तरी लग्नाचा वाढदिवस. तुला वाटलं, इथे नेल आवाज चढवणार नाही.

कोरीन : तसं नव्हतं गं मनात. वाटलं, तुला एकदा तरी काही छान मिळावं.

नेल : कोंबडीला पण आधी दाणे टाकतात.

कोरीन : असं नको ना बोलू. डॅडींना तुझी सवय झालीय. तुझ्या हातचंच खातात. मी आले की तोंड फिरवतात. तुला जमतं ते सगळं. मला नाही जमत.

नेल : मी काय शिकून जन्मले होते? पहिल्याच आठवड्यात न्हाणीत पाडलं मी त्यांना. ओल्या फरशीवर बसून दोघंही रडलो. मग जमलं.

कोरीन : एखादी चांगली जागा बघू या त्यांच्यासाठी. तिथे नर्सा असतात.

नेल : ममाचा हात धरून कोण म्हणालं होतं, डॅडी परक्या खाटेवर मरणार नाहीत म्हणून? तू. मी नुसती मान हलवली होती.

वेटर : कोळंबी आणि कण्या, मॅम. ताटली गरम आहे, सांभाळून. आज काही खास आहे का?

नेल : माझ्या बहिणीला बढती मिळालीय.

वेटर : अरे वा, अभिनंदन. मग शेवटी पीचची गोड डिश आमच्याकडून.

कोरीन : कशाला सांगितलंस त्याला?

नेल : खोटं आहे का? गाडीची किल्ली दे.

कोरीन : बस ना खाली. लोक बघतायत. गाडी भाड्याची आहे, फक्त मीच चालवायची. आणि बेटावर जायला आता बस तरी आहे का?

नेल : नाही. दुपारचीच शेवटची.

(नेल पुन्हा खुर्चीत बसते.)

कोरीन : सकाळचं विमान आहे माझं. पण आज तुला घरी सोडताना मी येणारच होते आत, डॅडींना भेटायला.

नेल : नव्हतीस. मला फाटकाशी सोडून तिथूनच गाडी वळवणार होतीस.

कोरीन : तुझा फोन वाजतोय.

नेल : मिस ओटिली असतील. मी बाहेर पडले की त्याच शेजारून येऊन बसतात बिचाऱ्या. हॅलो? … गोळी थुंकली? … नाही, नाही, दाबून नका घालू. डॅडींच्या कानाला लावा फोन. … धर, कोरी.

कोरीन : मी?

नेल : जेवणाआधीची गोळी घेत नाहीयेत. तू सांग.

कोरीन : मी काय सांगू त्यांना?

नेल : मी रोज काय सांगत असेन?

कोरीन : डॅडी? … नाही, डॅडी, मी… … हो. हो, नेलच बोलतेय. … इथेच आहे, जवळच. गोळी घ्या बरं. … पाण्याबरोबर नको?

नेल : सफरचंदाच्या गरात घालून.

कोरीन : सफरचंदाच्या गरात देतील त्या. … हं. … गिळलीत? शहाणे माझे डॅडी. … हो. येते.

नेल : घेतली?

कोरीन : घेतली.

नेल : मग?

कोरीन : मला विचारत होते, मला टाकून कुठे गेलीस.

नेल : रोज विचारतात. मी स्वयंपाकघरात गेले तरी विचारतात. कण्या खा, गार होतायत.

कोरीन : जुलैभर आहेस ना तू नक्की?

नेल : आहे. ऑगस्टात नाही.

कोरीन : उद्याचं विमान सोडते मी. डेन्व्हरचं काय ते मला आत्ता नको विचारू.

नेल : नाही विचारत.

कोरीन : त्यांना माझा आवाज ओळखूच आला नाही, नेल.

नेल : राहिलीस की येईल.