लागोपाठ तीन शून्यं

यशोदाबाई : …म्हणून शेजारधर्मानं सांगते, पाच वाजता बंटी येतोय कात्री घेऊन. एकदाचं डोकं मोकळं करून टाक पोरीचं. केसांचं काय, परत येत्यात.

करिष्मा : पप्पा! तुम्ही म्हणाला होता, दोनदा शून्य आलंय, आज तिसरं चेकिंग. शून्य आलं तर कापायचे नाहीत!

ज्ञानेश : म्हणलो होतो, तेच करणार. तू मान खाली घाल. आजी, आता कुठं साडेतीन वाजायलेत. पाचपर्यंत वेळ हाय की.

यशोदाबाई : पंचवीस दिस झालं, तू तेच म्हणतोस. बायको माहेरी, आन् हा बाप्या नळावर बसून पोरीच्या उवा काढतोय. सगळी आळी बघती.

ज्ञानेश : बघू द्या. फुकटचं बघायलेत. करू बाळा, कंडिशनरची बाटली दे. आन् टॉवेल पांढराच घे, पांढऱ्यावर दिसतं.

करिष्मा : आई आज येणार ना नक्की?

ज्ञानेश : उदगीरहून गाडी निघाली बी. तिकडच्या आज्जीच्या खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं, आता वॉकर घेऊन चालायली. आठपर्यंत तुझी आई दारात.

करिष्मा : आल्या आल्या ती माझी वेणी बघणार.

ज्ञानेश : म्हणून तर बसलोय. नऊ वर्षं तिनं हे केस वाढवले. मी दीड महिन्यात ते उडवून तिच्या हातात बोडकं पोरगं द्यायचं? तोंड दाखवायला जागा राहील का मला?

यशोदाबाई : मग पहिल्याच दिवशी माझं ऐकायचं व्हतंस. वाटीभर राकेल चोळून फडकं बांधलं असतं, तर रातीत काम झालं असतं.

ज्ञानेश : आजी, ते नाव काढू नका. आमच्या गावात एका पोरीच्या डोक्याला कापसावर फवारायचं औषध लावलं होतं, उवा मराव्यात म्हणून. उवा मेल्या, पोरगी तीन दिवस दवाखान्यात. राकेल तरी काय कमी हाय? कातडी भाजते, शेजारी गॅस पेटलेला असला म्हणजे झालंच.

यशोदाबाई : भाजती. ते मला नको सांगू.

ज्ञानेश : म्हणजे?

यशोदाबाई : काय न्हाई. तू फणी फिरव.

ज्ञानेश : डाव्या कानामागं. करू, लिही.

करिष्मा : डावा कान… किती?

ज्ञानेश : शून्य.

करिष्मा : येस्स!

ज्ञानेश : नाचू नको, फणी टोचेल. ओले केस, त्यात कंडिशनर, म्हणजे उवेला पळता येत नाही. बोटाएवढी बट घ्यायची, मुळापासून टोकापर्यंत फणी ओढायची आन् दर वेळी टॉवेलला पुसून बघायची. एक बट सुटली की लॉट फेल.

यशोदाबाई : ह्यो बघा, पोरीचं डोकं म्हंजे ह्याला कंपनीच वाटती.

ज्ञानेश : मग? दिवसभर बेअरिंगच्या रिंगा तपासतो मी. केसाएवढा चरा दिसला तरी रिंग बाजूला काढतो. आन् माझ्याच पोरीच्या डोक्यात चालत फिरणारी ऊ मला सापडू नये? टाळू. शून्य.

करिष्मा : पप्पा, पहिल्या दिवशी किती होत्या?

ज्ञानेश : एकेचाळीस.

यशोदाबाई : अगं बाई बाई!

ज्ञानेश : लिखा वेगळ्या. त्या गोंदानं चिकटवल्यागत बसतात, कशानं निघत नाहीत. त्यातून आठ-दहा दिवसांत पिल्लं निघतात, म्हणून एकदा विंचरून भागत नाही. दर तीन दिवसांनी, न चुकता. फर्स्ट शिफ्ट करून आलो की आधी नळ, मग चहा. उजवा कान. शून्य.

करिष्मा : मान राहिली. पप्पा, मानेवर नीट बघा हं. मागं तीन सापडल्या, त्या तिथंच होत्या.

ज्ञानेश : बघायलो. हलू नको.

यशोदाबाई : काय हाय?

ज्ञानेश : थांबा.

करिष्मा : पप्पा?

ज्ञानेश : हे… कोंडा हाय. कोंडाच! नखानं लगेच सुटला. मान, शून्य!

करिष्मा : म्हणजे सगळं शून्य? तिसऱ्यांदा? खरं? शप्पथ?

ज्ञानेश : शप्पथ. लॉट ओके. घे, तूच सही कर.

करिष्मा : आजी! माझे केस राहिले! आजी, आता तुमची स्वरूपा खेळेल ना माझ्याशी? ती आता रविवारी येतच नाही. माझ्या उवांमुळंच ना?

यशोदाबाई : येईल. तिच्या शाळेचं काय काय चालू असतं.

ज्ञानेश : हुश्श! खरं सांगू का आजी, मला भरवसा नव्हता. मागच्या खेपेला बी दोनदा शून्य आलं होतं, तिसऱ्यांदा तीन मोठ्या सापडल्या.

यशोदाबाई : शाळंतल्या पोरी. दुसरं काय.

ज्ञानेश : मला बी तसंच वाटलं. पण शाळेला तेव्हा चार दिवस सुट्टी होती. मग मी तारखा लावून बघितल्या. आमच्या कंपनीत माल परत आला की विचारतात, कधीपासून? कुठून? तसं.

यशोदाबाई : आन् काय निघालं?

ज्ञानेश : राहू द्या. आता हिची आई येतेय. माझी नाईट लागली तरी करू घरीच झोपेल. तुम्हाला त्रास नको.

यशोदाबाई : तरास? पंधरा रात्री पोर माझ्या कुशीत झोपली, तवा न्हाई झाला तरास. आत्ताच कसा झाला?

ज्ञानेश : तसं नाही, आजी. तुम्ही नसतात तर मी नाईटला पोरीला कुठं ठेवलं असतं? तुमचे उपकार…

यशोदाबाई : उपकार ठिवा बाजूला. नीट बोल.

करिष्मा : आजी, तुम्ही पण रात्री खूप खाजवता. मला जाग येते.

ज्ञानेश : करिष्मा!

करिष्मा : खरंच पप्पा. पदराच्या आत हात घालून.

(यशोदाबाई उठून नळ बंद करतात आणि परत पायरीवर बसतात.)

यशोदाबाई : पोरीला रागावू नगंस. खोटं न्हाई ते.

ज्ञानेश : आजी, मी काही म्हणलो का तुम्हाला?

यशोदाबाई : न्हाई म्हणालास. तारखा लावल्यास, माझ्याकडं झोपली त्याच राती निघाल्या, तरी तोंडातनं शब्द काढला न्हाईस. त्येच टोचतंय मला. नात्यातल्या एका लग्नाला गेले व्हते, पोरीसोरींच्यात एका सतरंजीवर झोपले. तवापासनं हाय ही खाज. आन् तुझ्या पोरीला शाळेतनं चिठ्ठी आली, तवा म्याच सगळ्यांत पुढं. "शाळंतनं आणल्या, शाळंतनं आणल्या." लेकराच्या डोक्यावर खापर फुटू दिलं.

ज्ञानेश : अहो, उवाच हायेत. कुणाला होत नाहीत?

यशोदाबाई : सत्तर वर्षांच्या बाईला शोभत्यात व्हय? लेकाचा फ्लॅट पिंपळे सौदागरला. सून नीलिमा मास्तरीण. तिला कळलं तर स्वरूपाला सोडंल का हितं? म्हणून म्याच सांगितलं, पोरीला पाठवू नका, मला खोकला हाय. दोन महिनं झालं, नातीला मांडीवर घेतली न्हाई. नुसती फोनवर बघते.

करिष्मा : म्हणजे स्वरूपा माझ्यावर नाही रुसली?

यशोदाबाई : तुझ्यावर कशापायी रुसंल, बाळा?

ज्ञानेश : मग मला का नाही सांगितलं, आजी? एक फणी जास्तीची आणली असती.

यशोदाबाई : मी नवी नवरी व्हते तवा झाल्या व्हत्या ह्या, चौदाव्या वर्षी. सासूनं राकेल वतलं. टाळूला फोड आलं, उशी रक्तानं भरली. मग कातरलं. वर्षभर पदर खाली पडू दिला न्हाई. तवापासनं डोक्याचं कुणाला सांगायचं म्हणलं की जीव घाबरतो बघ. आन् तुझ्या पोरीलाबी त्येच राकेल सांगितलं म्या. मेलं तोंड!

ज्ञानेश : जाऊ द्या. लावलं नाही ना? मग झालं.

यशोदाबाई : अजून हाय. बंटीला मी काय एकल्या ह्या पोरीसाठी न्हाई बोलावला.

ज्ञानेश : मग?

यशोदाबाई : पोरीचं कापून झालं की म्हणणार व्हते, बाबा, आलाच हायस तर माझंबी उडीव, लय उकडतंय. कुणाला संशय आला नसता.

करिष्मा : आजी! तुमच्यासाठी माझे पण कापणार होता?

यशोदाबाई : व्हय ग. चुकलं माझं. लय चुकलं. तुझ्या आईला मीच सांगते, आज आली की.

करिष्मा : …पाट घ्या.

यशोदाबाई : आँ?

करिष्मा : पाट घ्या आणि इथं बसा, उजेडाकडं तोंड करून. पप्पा, दुसरा टॉवेल. तुम्ही लिहा, मी विंचरते.

ज्ञानेश : मी तिकडं पाठ करून बसतो, आजी. तुम्ही निवांत पदर काढा. आमची इन्स्पेक्टर पास झालेली हाय.

यशोदाबाई : अगं, लेकराकडनं कसलं…

करिष्मा : आजी, अंबाडा सोडा. अय्या! पप्पा, आजीचे केस माझ्याहून लांब आहेत! पाटाच्या पण खाली आलेत!

यशोदाबाई : ह्येच उडवायला निघाले व्हते. हळू ग. ओढतंय.

करिष्मा : कंडिशनर लावलंय, ओढणार नाही. डावा कान. पप्पा, लिहा, सात.

ज्ञानेश : सात. चांगलाय आकडा. आम्ही एकेचाळीसवर सुरू केलं होतं.

यशोदाबाई : थांब जरा, फोन दे माझा. …हां, बंटी? आरं, येऊ नगंस आज. …न्हाई, उद्याबी नको. …कुणाचंच न्हाई कापायचं. …आरं सांगितलं ना, कुणाचंच न्हाई! ठेव.

करिष्मा : टाळू, पाच. आजी, पंधरा-वीस दिवस लागतील हं. दर तीन दिवसांनी यायचं. मध्ये दांडी मारायची नाही. आणि डोक्याला डोकं लावून झोपायचं नाही, शून्य येईपर्यंत.

यशोदाबाई : मला कुठं शिफ्टला जायचंय? आन् तीनदा शून्य आलं की?

करिष्मा : की स्वरूपाला फोन करायचा. मी करणार, मी!

ज्ञानेश : आजी, नीलिमाताईंना काय सांगायचं ते तुमच्यावर. आमच्याकडनं शब्द बाहेर जाणार नाही.

यशोदाबाई : सांगीन. सगळं झालं की हसत सांगीन.

करिष्मा : उजवा कान, चार. मान, दोन. झालं, आजी. आजच्यापुरतं झालं. उठा.

यशोदाबाई : त्या डाव्या कानामागं राह्यलं असंल बघ.

करिष्मा : तिथं दोनदा पाहिलं.

यशोदाबाई : मग तिसऱ्यांदा बघ. सावकाश बघ, बाळा.