आवाज बंद केलेली फायनल

शेखर : ...म्हणून सांगतो मावशी, घरी बसलेल्या माणसाला ठोसे मोजायचे नसतात. त्याला गोष्ट हवी असते. बाप हमाली करतो, आई धुणीभांडी करते आणि पोरगी बॉक्सिंगच्या रिंगणात उतरते! एवढं बोललं की माणूस टीव्हीसमोरून हलत नाही.

लंकाबाई : आणि ठोसे कोण बघतं मग?

शेखर : ते पंच बघतात की! त्यासाठीच बसवलेले असतात ते.

लंकाबाई : असं व्हय. शेंगा घ्या ना सायेब. सकाळीच उकडल्यात, आपल्याच मळ्यातल्या हायेत.

शेखर : घेतो, घेतो. योगिनी, तुझी आजी मात्र नंबर एक आहे. बरं, रविवारचं लक्षात ठेव. राज्य स्पर्धेची फायनल, लाइव्ह, आणि समालोचनाला तू माझ्या शेजारच्या खुर्चीत. मी बोलत असताना ‘हो सर, अगदी बरोबर’ म्हणायचं. मी पाणी प्यायला थांबलो की तू बोलायचं.

योगिनी : सर, पण मला जे दिसेल ते सांगू ना?

शेखर : दिसलं तर सांग. नाही दिसलं तर जास्त जोरात सांग. तीस वर्षं हेच करतोय मी.

लंकाबाई : तीस वर्षं! मग माझं एक काम करा ना सायेब. एक जुनी लढत हाय. कॅसेट होती, गावातल्या योगेशच्या मोबाइलच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर भरून आणली. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ही पोरगी सांगती मला, पण तिचं अजून कच्चं हाय. तुमच्यासारख्या जाणत्यानं सांगितलं तर...

योगिनी : आजी, कोणती लढत? मला नाही दाखवलीस कधी. आणि सर दमलेत गं, पुण्याहून गाडी चालवत आलेत.

शेखर : अगं, लाव लाव. मावशींसाठी एवढं नाही का करायचं? ...आवाज गेलाय वाटतं टीव्हीचा?

योगिनी : नाही सर. आमच्याकडे बॉक्सिंग बिनआवाजाचंच बघतात. लहानपणापासून. आजी आवाज लावूच देत नाही. काय चाललंय ते मी सांगायचं, तिनं ऐकायचं. तशीच तर बोलायला शिकले मी.

शेखर : वा! हे रविवारी लाइव्हमध्ये सांगू या. गोष्ट आहे ही! बरं, मावशी, ऐका. प्रिंट फार जुनी आहे. शिरस्त्राणात चेहरे कळत नाहीत. लाल कोपऱ्यातला पोरगा उंच, किडकिडीत. निळ्यातला जाडजूड, अनुभवी वाटतोय. पण लाल चांगला आहे हं. डावा हात बघा, एक, दोन, आणि लगेच मागे. निळ्याला जवळ येऊच देत नाही.

लंकाबाई : कोण जिंकतंय?

शेखर : लालच. माझ्या हिशेबानं तीन-चार पॉइंटनी पुढे आहे. तिसरा राऊंड चाललाय. निळा आता दमलाय, मिठी मारतोय... अरे! अरे, हे काय? योगिनी, मागे घे. थोडं मागे. हां, इथं थांबव. मावशी, हे फाऊल आहे! निळ्यानं डाव्या हातानं मान दाबून धरली आणि उजव्या हातानं कानामागं हाणला. पंच नेमका पाठमोरा. आणि लाल पडला.

लंकाबाई : मुद्दाम पडला का हो? नाटक म्हणून?

शेखर : छे! त्याचे हात बघा ना. नाटक करणारा माणूस आधी हात टेकतो, मग पडतो. याचे हात बाजूलाच राहिले. तोंडावर आपटलाय. शुद्ध गेली होती त्याची. आंधळ्यालाही कळेल, मावशी. निळ्याला बाद करायला हवं होतं. लाल पोरावर घोर अन्याय आहे हा.

लंकाबाई : योगिनी, आता मागे घे पुन्हा. आणि आवाज लाव.

योगिनी : आवाज?

लंकाबाई : लाव.

(टीव्हीचा आवाज सुरू होतो.)

टीव्ही : ‘...गोदातीर पाइप! शेतकऱ्यांच्या पसंतीचा, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा गोदातीर पाइप! आणि... अरेच्चा! लाल कोपरा आडवा! नाशिकचा गोरक्ष काकड आडवा! ठोसा तर कुठं लागलेला दिसत नाही! नाटक बघा मंडळी, नाटक! दम संपला की नाशिककर झोपतात! उठा काकड, उठा, द्राक्षं तोडायची राहिलीत!’

योगिनी : ...गोरक्ष काकड? आजी, हे पप्पा आहेत? आणि हा आवाज... सर, हा तर तुमचा आवाज आहे.

लंकाबाई : बंद कर आता. सायेब, शेंगा खाली सांडल्या तुमच्या.

शेखर : मावशी, हे... हे कधीचं आहे?

लंकाबाई : दोन हजार दोन. पुण्याची फायनल.

शेखर : मला खरंच आठवत नाही. शेकडो लढती केल्यात मी.

लंकाबाई : मला आठवती. मी एकच ऐकली.

शेखर : हे बघा, तेव्हा दर राऊंडला प्रायोजकाची चिठ्ठी हातात देत. ती वाचायचीच. नजर कागदावर होती माझी. मान वर केली तर हा पडलेला, आणि प्रेक्षक हसत होते. मला वाटलं...

लंकाबाई : म्हणजे बघितलंच नव्हतं तुम्ही.

शेखर : तसं नाही, पण...

लंकाबाई : तर कसं?

शेखर : ...नव्हतं बघितलं.

योगिनी : पप्पा तर सांगायचे, मनगट दुखावलं म्हणून सोडलं.

लंकाबाई : लेकरांना काय सांगणार तो? योगिनी, त्या दिवशी या घरात चाळीस माणसं होती. टीव्ही नवा घेतलेला, खास फायनलसाठी. मळ्यातल्या बाया, भावकी, पार गंगापूरहून पाहुणे. पोरगं पडलं तसं माझ्या काळजात चर्र झालं. मी उठले. आणि तेवढ्यात हे सायेब बोलले, द्राक्षं तोडायची राहिलीत. लोकं हसली. लय हसली.

योगिनी : आणि तू?

लंकाबाई : मीबी हसले.

योगिनी : आजी!

लंकाबाई : टीव्हीतला माणूस सांगतोय म्हणजे खरंच असंल, वाटलं मला. पोरगं दोन दिवसांनी घरी आलं, डोक्याला पट्टी. मी पाणीसुद्धा विचारलं नाय. पहिलं बोलले ते हेच, नाटक कशाला केलंस रे, सगळ्या गावात शोभा केलीस. त्यानं नुसतं बघितलं माझ्याकडं. त्याचं ते बघणं मी तेवीस वर्षं उशाला घेऊन झोपती, सायेब.

शेखर : मावशी, मी हात जोडतो. चूक झाली.

लंकाबाई : चूक? हा शेतातून यायचा तर गल्लीतली पोरं त्याच्यापुढं आडवी पडून दाखवायची. पोलिसातली जागा ठरल्यागत होती, खेळाडू म्हणून. तिथल्या सायबानं तोंडावर विचारलं, तूच का तो नाटक्या? त्यानं हातमोजे चुलीत घातले. मी समोर बसले होते, भाकरी थापत.

शेखर : मग काय करू आता मी?

लंकाबाई : परवा रविवारी, पहिली घंटा व्हायच्या आधी, टीव्हीवर सांगायचं. नाव सांगायचं, गाव सांगायचं, साल सांगायचं. आत्ता इथं बोलला तेच. आणि ‘मी बघत नव्हतो’ हे म्हणायचं.

शेखर : लाइव्हमध्ये? मावशी, वेड लागलंय का? समालोचक म्हणतोय मी बघत नव्हतो? दुसऱ्या दिवशी काढतील मला. दोन वर्षं राहिलीत माझी, सन्मानानं जाऊ द्या.

लंकाबाई : माझ्या पोराचं एकविसावं चालू होतं.

शेखर : आणि हिचा विचार केलाय का? हिची खुर्ची माझ्या शब्दावर आहे. एक फोन केला तर रविवारी दुसरी कुणी बसेल तिथं.

योगिनी : करा सर फोन. तुम्हीच सांगितलं होतं ना, ‘मी बोलत असेन तेव्हा रेकॉर्ड करत जा, ऐकून शिकता येतं’? मी तुम्ही आल्यापासून करतेय. ‘आंधळ्यालाही कळेल’ पर्यंत सगळं आहे माझ्या फोनमध्ये. आणि ‘नव्हतं बघितलं’ पण.

शेखर : योगिनी, तू मला...

योगिनी : नाहीतर मीच बोलते रविवारी. तुम्ही पाणी प्यायला थांबलात की.

लंकाबाई : तू नाय बोलायचं.

योगिनी : का? माझे पप्पा आहेत ते.

लंकाबाई : तू बोललीस तर लेक बापाची बाजू घेती म्हणतील. ज्या तोंडानं घाण केली त्याच तोंडानं निस्तरायची. तुझी खुर्ची तू तुझ्या डोळ्यांवर मिळवलीस, ती याच्यापायी घालवायची नाय. ऐकलं का सायेब? खुर्ची तिची राहील. फोन तिच्या पर्समधी राहील. आणि परवा तुम्ही बोलाल.

शेखर : ...आणि काढलं मला, तर?

लंकाबाई : तर मळ्यावर या. द्राक्षं तोडायला माणूस लागतंय.

योगिनी : आजी, पप्पांची गाडी आली.

शेखर : आत्ता? त्यांना माहीत आहे मी येणार ते?

लंकाबाई : फुलबाजारातून येतोय तो. त्याला काय माहीत? बसा. उठू नका. परवाच्या आधी एकदा सराव होऊन जाऊ द्या.

गोरक्ष : आई, झेंडूला आज बरा भाव लागला. ...पाहुणे आलेत का? नमस्कार, नमस्कार. योगिनी, पाणी दिलंस का त्यांना?

योगिनी : पप्पा, हे शेखर सर. रविवारी मी यांच्याबरोबर आहे.

गोरक्ष : हो का? बसा की, का उभे राहिलात?

शेखर : गोरक्षराव... दोन हजार दोनची फायनल. मी होतो माइकवर. तुम्ही नाटक केलं नव्हतं. कानामागं ठोसा लागला होता, आणि मी... मी बघत नव्हतो.

गोरक्ष : साहेब, या बाजूला येऊन बोला. त्या कानानं मला ऐकू येत नाही, तेव्हापासून.