अकरा नंबरच्या हेल्मेटवरची पट्टी

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष आणि आमच्या केल्सी फोर्क कॉलेजच्या प्राचार्या डॉक्टर मॉस्बी, व्यासपीठावर विराजमान असलेले क्रीडासंचालक श्रायबरसाहेब, प्रशिक्षक डनवुडी, समोर बसलेले माजी खेळाडू, गावातले माझे शेजारीपाजारी, आणि त्या दाराजवळच्या शेवटच्या टेबलावर खुर्च्या मागे झुकवून बसलेली आमची फुटबॉलची टीम. बाळांनो, खुर्च्या सरळ करा, मोडतील.

आपणा सर्वांना लॉर्ना फेल्डकाम्पचा मनापासून नमस्कार. एकतीस वर्षं मी या कॉलेजची हेल्मेटांची खोली सांभाळली. या एकतीस वर्षांत माझं भाषण "चिखलाचे बूट बाहेर काढा" याच्या पुढे कधी गेलं नाही. तेव्हा आज काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

आत्ताच श्रायबरसाहेबांनी मला "या कुटुंबाचा कणा" म्हटलं. आभारी आहे. मग त्यांनी मला हे सोनेरी हेल्मेट भेट दिलं. त्यावर पांढऱ्या पट्टीवर माझं नाव आहे. तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्यात आणि माझा चेहरा उतरला. साहेबांना वाटलं बाईंना भरून आलं. त्यांनी लगबगीने पाण्याचा ग्लास पुढे केला. साहेब, मला भरून आलेलं नाही. मला राग आलाय. मी दोन पानं लिहून आणली होती, सगळी आभाराचीच. ती आता पर्समध्ये ठेवते, आणि राग का आला ते सांगते.

आमच्या खोलीची एक रीत आहे. खेळाडू पहिल्या दिवशी येतो तेव्हा मी त्याच्या हेल्मेटच्या कपाळावर पट्टी चिकटवते आणि त्यावर त्याचं नाव लिहिते. त्याची जायची वेळ येते तेव्हा हेल्मेट स्वतः घेऊन येतो, पट्टी स्वतःच्या हाताने काढतो आणि माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावतो. मग आम्ही हातात हात घेतो आणि तो जातो. कुणी पदवी घेऊन गेलं, कुणी गुडघा मोडून गेलं, कुणी दुसऱ्या कॉलेजात गेलं. त्या दारावर सातशेच्या वर नावं आहेत. दुसऱ्याने पट्टी काढायची नाही, हा नियम. कुणी केला? मी केला. आणि कुणी मोडला? तेच सांगायला उभी आहे.

आयझॅक ट्वेट तुम्हाला माहीतच आहे, आपला अकरा नंबर, आपला क्वार्टरबॅक. माझ्या थोरल्या जाऊबाई दुसऱ्या रांगेत बसल्यात. चाळीस वर्षं या गावात राहून त्या मला कालच विचारत होत्या, क्वार्टरबॅक म्हणजे नक्की कोणता गं? वहिनी, ज्याच्या हातात चेंडू येतो आणि ज्याच्या अंगावर चार धटिंगण धावून येतात, आणि तरी जो नीट बघून, योग्य माणसाला चेंडू फेकतो, तो.

ऑक्टोबरात एका व्यावसायिक संघाचा माणूस त्याला बघायला आला होता. साहेबांनी त्याला वर काचेच्या खोलीत बसवलं, मांसाचे गोळे खायला घातले, आकडे दाखवले. तो खाऊनपिऊन खाली माझ्या खोलीत आला. म्हणाला, "बाई, आकडे पाहिले. आता त्याचं हेल्मेट दाखवा."

मी दाखवलं. अंगावर येणाऱ्याचं हेल्मेट आपल्या हेल्मेटवर आदळलं की त्याचा रंग आपल्याला लागतो. आयझॅकच्या हेल्मेटवर लाल होता, निळा होता, दोन जातींचा हिरवा होता. त्या माणसाने ते भाकरी परतावी तसं हातात फिरवलं.

"सगळं पुढूनच लागलंय," तो म्हणाला. "मागे एकही ओरखडा नाही."

"नसणारच. चेंडू हातातून सुटेपर्यंत तो पाठ फिरवत नाही."

"बाई, फेकणारा हात तर शंभर पोरांकडे असतो. हे नसतं." मग वहीत काहीतरी लिहून म्हणाला, "अजून एक वर्ष दर सामन्यात खेळायला मिळालं पाहिजे त्याला. कुठे, ते मी सांगू शकत नाही. पण खेळायला मिळालं पाहिजे."

हंगाम संपला. हिवाळ्यात बदलीची यादी उघडते. ज्याला कॉलेज सोडायचंय त्याने त्या यादीत नाव घालायचं. राजधानीतल्या मोठ्या विद्यापीठाने आयझॅकला निरोप धाडला होता, हे खरं. तो माझ्याकडे येऊन बाकावर बसला.

"मावशी, तिकडे मैदान ऐंशी हजारांचं. पण माझ्यापुढे तिघं रांगेत."

"आणि इथे?"

"इथे सहा हजार माणसं, त्यातली दोन हजार गप्पा मारायला येतात. पण चेंडू माझ्या हातात." मग हसला. "मी राहतोय बहुतेक. आधी आजोबांचा मका काढून येतो, मग डनवुडी सरांना सांगतो."

म्हटलं, "जा, ये."

आता यात न समजण्यासारखं काय होतं? यंदा पाऊस हटला नाही. जमीन इतकी ओली की हार्वेस्टर शेतात घालता येईना. डिसेंबरात जमीन गोठली, तेव्हा कुठे मका निघाला. या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी यंदा नाताळच्या तोंडावर मका काढलाय. हार्लन, तू काढलास. पीट, तुझं यंत्र तर बर्फात रुतलं होतं. आणि तुम्हीच, तुम्हीच सगळे पेट्रोल पंपावर कॉफीचे पेले धरून काय बोलत होता? मी मागे दुधाच्या फ्रिजजवळ उभी होते, सगळं ऐकलं.

"गेला म्हणे अकरा नंबर."

"गाडी दोन दिवस दिसली नाही. राजधानीत असणार."

"माझ्या भाच्याने बघितला तिथे. मोठ्या गाडीत."

"तुझा भाचा चष्मा लावत नाही."

"चष्म्याचं सोड. पैशाचा वास आला की पोरं थांबतात होय? आपण वाढवायचं आणि त्यांनी न्यायचं."

आपण वाढवायचं! पीट, तू त्याला काय वाढलंस रे? मागच्या वर्षी त्याच्या हातून चेंडू सुटला तेव्हा शिव्या वाढल्यास, त्या मी ऐकल्या. एकाला तरी सुचलं का, की पोराचा आजोबा अठ्ठ्याहत्तरचा आहे, त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलंय, मका उभा आहे? तुम्ही शेतकरी ना? मग शेतातला पोरगा तुम्हाला राजधानीत कसा दिसला?

ती आवई पंपावरून निघाली आणि दुपारपर्यंत श्रायबरसाहेबांच्या टेबलावर पोचली. साहेब खाली आले. त्या शनिवारी एक नवा क्वार्टरबॅक कॉलेज बघायला येणार होता. त्याला अकरा नंबरचा सदरा घालून, हेल्मेट हातात देऊन फोटो काढायचा, असं ठरलं होतं.

"लॉर्ना, अकराची पट्टी काढून ठेव. मैदानाच्या फाटकावरचा त्याचा फोटोही उतरवतोय. तो आपल्याला सोडायच्या आत आपण पुढे गेलेलं बरं."

"साहेब, तो मका काढायला गेलाय."

"डिसेंबरात?" साहेब हसले. हसलात ना साहेब? मान खाली घालू नका. तुम्ही शहरातले, तुम्हाला क्षमा आहे. मी इथली. मी एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं नाही. "काढ" म्हणालात आणि मी काढली. एकतीस वर्षांत दुसऱ्याच्या नावाला हात लावला नव्हता, तो त्या दिवशी लावला. नोकरीचे सहा आठवडे उरले होते, कशाला वाद घाला, असं मनात आलं. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतेय, कारण रागाचा पहिला हप्ता माझ्यावरच आहे.

सोमवारी आयझॅक आला. केसांत मक्याचा भुसा, हातांना भेगा. सरांना सांगायलाच निघाला होता. आधी खोलीत शिरला, चेंडू फेकायला हेल्मेट घ्यायला. खुंटीवर बघितलं.

"मावशी, माझी पट्टी कुणी काढली?"

"मी."

 शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "बरं," म्हणाला, आणि जाताना नेहमीसारखं दार हळू लावून गेला. त्या दिवसापासून त्याने खोलीत पाऊल टाकलेलं नाही. आता यादी उद्या दुपारी बंद होते. फॉर्म भरून त्याच्या खिशात आहे, हे मला त्याच्या खोलीतल्या मुलाने सांगितलं. सही तेवढी राहिलीय.

आणि तो नवा पाहुणा? फोटो काढून घेतला, जेवला, पुडिंग दोनदा घेतलं आणि दुसऱ्याच कॉलेजात गेला. वा!

आता या भेटीकडे येते. अध्यक्ष महोदया, मी घड्याळाकडे बघतेय, थोडंच राहिलंय. हे सोनेरी हेल्मेट मी हातात घेतलं आणि सवयीने बोटं आत गेली. डाव्या गालाच्या गादीला हिरव्या दोऱ्याची शिवण लागली. ती शिवण माझी आहे. आयझॅकचा जबडा डावीकडे जरा बारीक, हेल्मेट हलायचं, म्हणून मीच आतून उशीच्या कापडाचा तुकडा घालून शिवला होता. हे त्याचं हेल्मेट आहे! रिकामं पडलं होतं म्हणून रंगवलंत आणि म्हातारीला दिलंत. त्या व्यावसायिक संघाच्या माणसाने जे ओरखडे बघून वही काढली, त्यांच्यावर सोनेरी रंग फासलात. बाहेरून चकचकीत केलंत, आत कुणी बघितलंच नाही. त्या पोराच्या बाबतीत हेच तर केलंत सगळ्यांनी, आणि त्यात मीही आले.

तेव्हा श्रायबरसाहेब, भेटीबद्दल आभार, पण ही मला घेता येणार नाही. आमच्या खोलीची रीत सांगते की जो जातो त्याने आपली पट्टी आपल्या हाताने काढायची. आज जाणारी मी आहे. ही बघा, काढली. ही मी कपाटाच्या दाराला लावेन, सर्वांत खाली, तिथे जागा ठेवली आहे.

आणि ही दुसरी, माझ्या पर्समधली. सहा आठवडे पाकिटात जपून ठेवलीय, थोडी मळलीय. आयझॅक, तू तिथे मागे बसला आहेस, मला दिसतोयस. आजच्या कार्यक्रमाला आलास, हेच तुझं मोठेपण. मी तुला राहा म्हणणार नाही. राहा म्हणायचा हक्क मी त्याच दिवशी घालवला. तुला जायचं असेल तर खुशाल जा. तू जिथे जाशील तिथे पाठ न फिरवता खेळशील, आणि एक दिवस ही सगळी मंडळी पंपावर उभी राहून "आपलाच हो तो" म्हणतील. म्हणू देत. पण तुला कुणी काढलं म्हणून जाऊ नकोस. हेल्मेट इथे टेबलावर ठेवते, पट्टी शेजारी ठेवते, कपाटाची किल्लीही ठेवते. कपाळावर लावायची की दारावर, ते ज्याचं नाव आहे त्याने ठरवायचं.

अध्यक्ष महोदयांनी मला बोलू दिलं, स्वयंपाकघरातल्या बायकांनी जेवण गरम ठेवलं, जाऊबाईंनी मध्येच डुलकी घेतली नाही, सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव चुकलं असेल, कुणाला लागलं असेल, तर ते तुम्ही सर्वांनी पोटात घालावं.

एक चूक मात्र तुम्ही पोटात घालू नका. तिची माफी तुमच्याकडे मागायचीच नाही. आयझॅक, बाळा, ती मी तुझ्याकडे मागते. तुझ्या नावाला मी हात लावायला नको होता.