ट्रकचा डावा दिवा

नको, चहा नको गनीभाई, खरंच नको, भाभींना सांगा बसून घ्या म्हणून — तुम्ही आधी चष्मा लावा. हा बघा. मोबाईल असा आडवा धरा, म्हणजे मोठा दिसेल. ओमानचाच रस्ता आहे, निझवाच्या पुढचा. तुम्ही तिथे वीस वर्षं ट्रेलर चालवलात म्हणून तर आलो, नाहीतर रत्नागिरीत मला हे कोण सांगणार — आरटीओतला माणूस पुस्तकातलं सांगेल, पण तो तिथे कधी स्टेअरिंगवर बसलाय? पोलिसांनी काढलेला फोटो आहे, दुसऱ्या दिवशीचा. गाड्या हलवल्यानंतरचा. घाबरू नका, काही नाही त्यात, नुसता रस्ता आहे. मला एवढंच विचारायचंय — ही मधली रेघ. आपल्या बाजूची अखंड आणि तिला लागून पलीकडची तुटक. म्हणजे समोरून येणाऱ्याने ओलांडली तर चालेल, आपण ओलांडायची नाही. बरोबर? हे मला आता कळतं. पण गाडी चालवताना दिसते का ती? वाऱ्याने वाळू येते ना तिथे रस्त्यावर? तुम्हीच एकदा सांगत होतात, सकाळी फावड्याने ओढून काढायचे म्हणून. मग रेघ झाकली जात असणार. असणार की नाही?

थांबा, मी घाई करतोय. तुम्हाला गावात उडत उडत कळलं असेल तेवढंच. आमची मनस्वी आणि ऋत्विक सुट्टीला गेले होते तिकडे. ऋत्विक म्हणजे जावई — लग्नात तुम्ही त्याला पाहिलंय, देवरूखचा, उंच, तुम्ही त्याला म्हणाला होतात की एवढ्या उंचीचा माणूस मारुतीत मावतो कसा. नोकरी कोल्हापूरला. दर शनिवारी आंबा घाट उतरायचा, सोमवारी चढायचा. पावसात, धुक्यात, कधीही. मी त्याच्या शेजारी बसून कितीदा आलोय, झोप लागायची मला, एवढा हात साफ. मस्कतला उतरून त्यांनी भाड्याची गाडी घेतली. तिथे सगळं उलटं — स्टेअरिंग डावीकडे, गाडी रस्त्याच्या उजवीकडे — ते तुम्हाला काय सांगायचं. पण म्हणाला, दोन दिवसांत हाताला बसलं. मनस्वीने व्हिडिओ कॉल केला होता गाडीतून. म्हणते, बाबा, बघा, मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलेय आणि माझ्यापुढे स्टेअरिंगच नाही. हसत होती. दर्शना आईच शेवटी, तिला म्हणाली, पट्टा लाव आधी. लावला होता तिने पट्टा. तो लावलेलाच होता.

पुढे खडीचा ट्रक होता. सावकाश चाललेला. हा मागे, बराच वेळ मागे. आणि ट्रकने डावा दिवा दिला. आता तुम्ही मला सांगा गनीभाई — आंबा घाटात पुढचा ट्रकवाला डावा दिवा देतो, तेव्हा तो काय म्हणत असतो? मी डावीकडे दबलोय, साइड दिली, जा बाबा. हो ना? सगळे तेच समजतात. रेघ कोण बघतं आपल्याकडे? रेघ असते ती मंत्री येऊन गेल्याची खूण. आपण पुढच्या माणसाचं ऐकतो. तो हात दाखवतो, दिवा देतो, आपण जातो, जाताना हॉर्न वाजवून आभार मानतो. पंधरा वर्षं ऋत्विकने तसं केलं आणि एकाही ट्रकवाल्याने त्याला फसवलं नाही. आणि तिथला तो — तो खरंच डावीकडे वळत होता. खाणीचा फाटा आहे तिथे, हा बघा, फोटोत कोपऱ्यात दिसतोय. म्हणूनच रेघ अखंड. आणि हा त्याच्या डावीकडून पुढे निघालेला, कारण तिथे पुढे जायचं तर डावीकडूनच. ट्रकचं तोंड उजव्या दारावर आलं. उजवीकडे मनस्वी.

नाही, मी ठीक आहे. पाणी द्या हवं तर.

तुम्ही फक्त सांगा, वाळूने झाकली असेल ना? तुम्ही दर्शनाला येऊन सांगितलंत तर तिला पटेल. तुमच्या शब्दाला ती मानते. कारण असं आहे — तो आज आलाय. चार महिने त्याचा पासपोर्ट अडकला होता तिकडे केसमध्ये, आता सुटला, मुंबईहून सकाळच्या गाडीने आला थेट आमच्याकडे. आईकडेही गेला नाही आधी. आता दर्शनाला त्याच्याकडे बघवेल कसं? आईचं काळीज. तिने दार उघडलं नाही तर, म्हणून मी विचार केला की आधी तुमच्याकडून —

उघडलं तिने. दार तिनेच उघडलं. बॅग हातातून घेतली, पाय धुवायला पाणी दिलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. मी स्वयंपाकघरातून पाहिलं. आणि मागच्या दाराने कलमांतून कातळावर आलो आणि तसाच इकडे. पायात घरातल्या सपाता आहेत, बघा. सकाळपासून त्याने मला पाहिलेलं नाही.

दिसते का रेघ? स्पष्ट सांगा. उलटंही असेल तर सांगा. दिसते — मग तर बरंच आहे. मग तो चुकला. पांढरी, ठसठशीत, मैलभर लांबून दिसणारी रेघ, शिकलेला माणूस, आणि तो चुकला — असं तुम्ही म्हणालात तर मी आत्ता घरी जातो आणि त्याला सांगतो, ऊठ, नीघ इथून. मला तेच हवंय कदाचित. सकाळपासून मला कळत नाहीये मला काय हवंय. वाळू होती म्हणालात तर मी कोणाला धरू? वाऱ्याला? त्या ट्रकवाल्याला, ज्याने नियमाने दिवा दिला? चार महिने मी ऋत्विकवर जगलोय गनीभाई. रात्री उठून बसलो की त्याला शिव्या देतो, मनातल्या मनात, मग झोप लागते. आणि हल्ली काय झालंय, मी डोळे मिटले की स्टेअरिंगवर मीच असतो. पुढे ट्रक. डावा दिवा लागतो. आणि मी थांबत नाही. एकदाही थांबलो नाही. मनस्वी शेजारी बसलेली असते तरी मी जातो, साइड दिली म्हणून जातो.

काय म्हणालात?

तुम्हीपण? केव्हा — पहिल्याच महिन्यात? दिवा बघून? ट्रेलर घेऊन? मग... रेघ दिसत होती. अच्छा. रेघ दिसत होती आणि तुम्ही गेलात. आणि पुढचा ट्रक तिथे वळला नाही, पुढच्या पंपाला वळायचा दिवा आधीपासून देत होता नुसता. एवढंच. तुम्ही घरी आलात, मुलं वाढवलीत, हे घर बांधलंत. नाही, तुम्हाला नाही बोलत मी. तुमचं काय चुकलं? तुमचं काहीच चुकलं नाही. मला जरा बसू द्या.

फोन वाजतोय. दर्शनाचंच नाव आहे ना त्यावर? द्या इकडे.

हं. बोल. गनीभाईंकडे... हो, जेवीन. तो जेवला? का? तू वाढलंस ना?... माझी वाट किती वेळ बघत होता?... निघाला म्हणजे? रात्रीची गाडी आहे ना त्याची, आता तर दिवेलागणही झाली नाही... रिक्षा सांगायचीस. नको म्हणाला. रस्त्यावरच्या गाडीत बसवत नाही म्हणजे?... चालत? स्टेशनापर्यंत? बॅग घेऊन?... दर्शना, थांब, रडू नकोस, नीट सांग. वरच्या रस्त्याने गेला की हायवेने? तिथे काम चाललंय, एकाच अंगाने दोन्हीकडची वाहनं सोडतायत, पट्टे मारलेले नाहीत अजून, ट्रक कुठूनही येतात... ऐक. तो चार महिने तिकडे होता, त्याला सवय उलटी झाली असेल. दर्शना, तो कुठल्या बाजूने चालत गेला? डाव्या की उजव्या? बघितलंस तू?

गनीभाई, सरा, दार सोडा. नंतर बोलू.