ओतलेला आकडा

सन्माननीय अध्यक्ष हरिओमशेठ, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले गॅरेजवाले काकासाहेब, त्यांच्या सौभाग्यवती कौसल्यावहिनी, आणि जुन्या जालन्यातल्या बंधू-भगिनींनो,

मी भागवत, कुंभार पिंपळगावचा. संयोजक म्हणाले, काकासाहेब लेकाकडे पुण्याला चालले, तुम्ही त्यांचे जवळचे, दोन शब्द बोला. जवळचा होतो, म्हणूनच उठलो.

बाहेर उभी आहे ती छप्पन सालची अमेरिकन गाडी माझ्या वडिलांची. ती वेशीवर आली की नुसत्या आवाजावर आई चहाचं आधण ठेवायची. वडील गेले आणि गाडी गोठ्यात पडून राहिली. काकासाहेबांनी ती पुन्हा उभी केली. आज तुम्ही सगळे तिच्याजवळ फोटो काढता, त्याचं श्रेय त्यांचंच. ते मी कसं नाकारू?

त्या गाडीत दोन तऱ्हेची इंजिनं यायची, एक मोठं, एक लहान. आमचं मोठं. बाहेरून दोन्ही जुळी भावंडं, मग ओळखायचं कसं? हेही मला काकासाहेबांनीच शिकवलं. म्हणायचे, "समोर ठोकलेल्या नंबरावर जाऊ नको, भागवत. तो कुणीबी ठोकतो. मागं ओतलेला बघ. तो भट्टीतच पडतो." पोलादाच्या भट्ट्यांच्या या जालन्यात ओतकाम मी काय समजावणार?

गाडी घरी आली त्या दिवशी आई म्हणाली, "हा आवाज आपल्या गाडीचा न्हाई." काकासाहेब हसले. "मावशी, इंजिन तेच हाये. तुमचे कान थकले." आई आत निघून गेली. त्या गाडीत ती पुन्हा बसली नाही.

गेल्या महिन्यात क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवला आणि इंजिनाची पाठ उघडी पडली. पुसून पाहिलं. ओतलेला नंबर लहान इंजिनाचा, आणि साल अठ्ठावन्न. वरात छप्पनला निघाली आणि नवरदेव अठ्ठावन्नला जन्मला? समोर ठोकलेला नंबर मात्र बराबर आमच्या कागदावरचाच. त्या इंजिनाला काकासाहेबांशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता.

मी त्यांना विचारलं. म्हणाले, "आता जाऊन राह्यलो मी. कशाला उकरतो?"

जुनं इंजिन फुटलं, दुसरं बसवलं म्हणाले असते, तर मी मान डोलावली असती. पण माझ्या आईला त्यांनी तिच्याच दारात खोटं पाडलं, तेही हसत. ते मला फार लागलं आहे.

असो. शाल-श्रीफळ माझ्याच हातून द्यायचं ठरलंय, ते देतो. अध्यक्षांची इच्छा आहे की काकासाहेबांना याच गाडीतून घरी सोडावं. तेही करतो. आज आई आपणहून पुढच्या सीटवर बसायला तयार झाली आहे. वाटेत मी काही बोलणार नाही. विचारायचं ते तीच विचारेल.

काकासाहेब, शिकवलंत त्याबद्दल मनापासून आभार. सभेनं शांतपणे ऐकलं, तिचेही आभार. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर आपण पोटात घालावं. आणि काकासाहेब, तुम्हाला गाडीत माफी मागावीशी वाटली, तर हळू बोललात तरी चालेल. आईचे कान अजून शाबूत आहेत.